ऍसिडिटीचं नंतर बघू, आधी आण्णांना दाखवा

पत्र: डॉक्टर ताई, नमस्कार. आम्ही कारेलीबागेत राहतो. माझे मिस्टर ३९ वर्षांचे आहेत, वजन ९१ किलो, मकरपुऱ्याला कंपनीत शिफ्टची नोकरी. गेली चार-पाच वर्षं ऍसिडिटी आहे, आठवड्यातून दोन-तीनदा तरी छातीत जळजळ, घशाशी आंबट येतं, मग गोळी घेतात. माझी नणंद न्यूजर्सीला असते, ती म्हणाली की ऍसिडिटीमुळे अन्ननलिकेचा कॅन्सर होतो आणि तिकडे तो खूप वाढलाय, एक व्हिडिओ पण पाठवला. तेव्हापासून माझी झोप उडालीय. ह्यांची दुर्बीण (एंडोस्कोपी) करून घेऊ का? चहा खूप गरम पितात, त्याने पण होतो का? घरात सगळेच घाबरलेत, फक्त सासरे निवांत, ते म्हणतात मी ४० वर्षं तंबाखूचा मावा खातोय मला काय झालं. त्यांना ७१ पूर्ण झाली, दातांचा त्रास आहे म्हणून दोन-तीन महिने भाखरी चहात बुडवून खातात नाहीतर खिचडी-कढी, बारीकही झालेत पण ते वयाचं. तर मिस्टरांचं काय करावं ते सांगा. – एक वाचक, बडोदा

उत्तर:

ताई, मिस्टरांचं सांगते, सगळं सांगते, पण आधी आण्णांचं, म्हणजे तुमच्या सासऱ्यांचं. (तुमच्याकडे आण्णा म्हणतात की नाही माहीत नाही, मी म्हणते.) तुमचं अख्खं पत्र नवऱ्याच्या ऍसिडिटीवर आहे आणि शेवटी जाता जाता तुम्ही लिहिलंत की सासरे भाखरी बुडवून खातात, खिचडीवर आलेत, बारीक झालेत आणि ४० वर्षं मावा. मला विचाराल तर तुमच्या घरात दुर्बिणीची गरज आहे ती आण्णांना, आणि ती लग्नसराई झाल्यावर वगैरे नाही, याच आठवड्यात.

दातांमुळे असं होत नाही का? होतं की. पण दोन्हीतला फरक घरी बसून ओळखता येतो. दात नसले की चावायला त्रास होतो, घास तोंडात घोळत राहतो, हिरड्या दुखतात, पण एकदा मऊ झालेला घास गिळला की तो खाली उतरायला दात लागत नाहीत. तेव्हा आज रात्री जेवताना आण्णांच्या शेजारी बसा आणि नुसतं बघा, लगेच काही विचारू नका. प्रत्येक घासामागे पाणी पितात का, मधेच थांबून छातीवर हात दाबतात का, उठून उभे राहतात का, खाकरून फेसासारखी लाळ बाहेर काढतात का, जेवायला पूर्वीपेक्षा दुप्पट वेळ लागतो का, आणि लोकांसोबत जेवायचं टाळायला लागलेत का. हे शेवटचं फार लोकांच्या लक्षात येत नाही, पण घास अडकतो म्हणून माणूस पंगतीला बसायला लाजतो आणि घरच्यांना वाटतं म्हातारे चिडचिडे झालेत. मग नंतर सरळ विचारा की घास गिळल्यावर अडकल्यासारखा वाटतो का. बोट ते गळ्याशी ठेवतील, त्यावर जाऊ नका, अडथळा खाली छातीत असला तरी पुष्कळांना तो वर गळ्यातच जाणवतो.

आणि क्रम बघा. आधी भाखरी जाईना, मग पोळी, मग भात-खिचडी बरी वाटते, मग पातळच हवं. घट्टापासून पातळापर्यंत हळूहळू उतरत जाणं आणि सोबत वजन उतरणं, ही जोडी ज्या घरात दिसते तिथे कुठलाही डॉक्टर आधी अन्ननलिकेत डोकावूनच बघतो. याउलट पाणी आणि भाखरी दोन्ही पहिल्यापासून सारखंच अडकत असेल तर बहुतेक वेळा नळीच्या हालचालीचा वेगळाच आजार निघतो. आवाज बसलाय का, पाणी पिताना ठसका लागतो का, शी काळी डांबरासारखी होते का हेही विचारून ठेवा. वजनाचा अंदाज नसेल तर पट्ट्याची भोकं बघा, म्हातारी माणसं वजन लपवतात पण पट्टा खोटं बोलत नाही.

हे सगळं असलं म्हणजे कॅन्सरच असं मी अजिबात म्हणत नाहीये. जुन्या ऍसिडने नळी आकसते, मधे पातळ पडदा तयार होतो, एखादी गोळी अडकून जखम होते, बऱ्याच गोष्टी निघतात आणि त्यातल्या बऱ्याच बऱ्या होणाऱ्या असतात. पण बाहेरून बघून कुणालाच सांगता येत नाही, मला पण नाही, आणि गूगलला तर नाहीच. आणि थांबायला वाव यासाठी नाही की ही नळी, साधारण २५ सेंटीमीटर लांब, सायकलच्या ट्यूबसारखी ताणणारी आहे, आत गाठ वाढत असली तरी ती आजूबाजूने ताणून घास जाऊ देते, त्यामुळे अडकल्याचं जाणवेपर्यंत आतली वाट बरीच अरुंद झालेली असते. शिवाय पोटा-आतड्यांना बाहेरून जे पातळ आवरण असतं ते अन्ननलिकेला नसतं, म्हणून गाठ शेजारी पसरायला वेळ लावत नाही. म्हणून दोन-तीन महिने घास अडकतोय म्हणजे दोन-तीन महिन्यांपूर्वीच जायला हवं होतं, पण ते झालं, आता जा.

आता मावा. आण्णा म्हणतात ४० वर्षं खातोय काही झालं नाही, तर त्यांना सांगा की हा आजार बहुतेकांना पन्नाशी-साठी-सत्तरीतच होतो, ४० वर्षं हा त्याचा नॉर्मल हिशोब आहे, त्यातून सुटल्याचं सर्टिफिकेट नाही. लोकांच्या डोक्यात मावा म्हणजे तोंडाचा कॅन्सर एवढंच बसलंय आणि ते खरंही आहे, आपल्या गुजरातेत तोंडाचेच पेशंट जास्त दिसतात. पण रस जातो कुठे? पानाच्या गल्ल्यावर उभा राहून पिचकारी मारणारा दिसतो, न थुंकणारा दिसत नाही. ऑफिसात, एसीत, लेकाच्या गाडीत बसलेला माणूस गिळतो, आणि कातरलेली सुपारी, चुना आणि तंबाखूचा तो रस दिवसभर अन्ननलिकेवरून वाहत राहतो. जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सरवर संशोधन करणारी संस्था आहे फ्रान्समध्ये लिऑनला, त्यांनी चघळायच्या तंबाखूला तोंड, अन्ननलिका आणि स्वादुपिंड अशा तीन ठिकाणच्या कॅन्सरचं कारण ठरवलंय. आणि ज्यांना वाटतं की तंबाखू सोडून नुसतं सुपारीचं पान खाल्लं तर चालतं, त्यांच्यासाठी, तंबाखू नसलेलं सुपारीचं पानसुद्धा तोंड आणि अन्ननलिका दोन्हीच्या यादीत आहे. "मी तर सादा खातो" हे वाक्य रावपुऱ्यात मी इतक्या लोकांकडून ऐकते की आता मी वाद घालायचं सोडून दिलंय. गुटखा गुजरातेत २०१२ पासून बंद आहे, कागदावर, पण मावा गल्ल्यावर हाताने चोळून प्लॅस्टिकच्या तुकड्यात बांधून मिळतो, त्याला कोण बंद करणार.

बिडी-सिगरेटने पण होतो, दारूने पण, आणि दोन्ही एकत्र असतील तर धोका बेरजेने नाही, गुणाकाराने वाढतो. दारूचं तुम्ही काही लिहिलं नाहीत. गुजरातेत सुनेने सासऱ्यांना हा प्रश्न विचारायचाही नसतो, तेव्हा तो डॉक्टरांना एकट्यात विचारू द्या, तुम्ही बाहेर बसा. याशिवाय ताजी फळं-भाज्या आयुष्यभर कमी खाल्लेली, लहानपणी चुकून ऍसिड किंवा कॉस्टिक प्यायलेलं, अशीही कारणं आहेत, पण आण्णांच्या बाबतीत मला मावाच पुरेसा वाटतो.

चहा. हो, खूप गरम चहाने धोका वाढतो, पण दोष चहाचा नाही, तापमानाचा. त्याच लिऑनच्या संस्थेने २०१६ मध्ये ६५ अंश सेल्सिअसच्या वर असलेलं कुठलंही पेय "बहुधा कॅन्सरकारक" या गटात टाकलं, मग चहा असो की कॉफी की नुसतं पाणी. इराणच्या उत्तरेला गोलेस्तान म्हणून प्रांत आहे, तिथे हा आजार फार, तिथल्या ५० हजार लोकांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं, त्यात दिवसाला ७०० मिलीच्या वर आणि ६० अंशाच्या वरचा चहा पिणाऱ्यांना थोडा आणि कोमट पिणाऱ्यांपेक्षा धोका जवळजवळ दुप्पट निघाला. तर नाक्यावरची अडधी (अर्धा कप चहा) लगेच घशात ओतायची नाही, चार मिनिटं गप्पा मारायच्या. आपल्या घरांतून बशीत ओतून प्यायची पद्धत होती ती चांगलीच होती, ऑफिसात गेल्यावर सगळ्यांना तिची लाज वाटायला लागली. पण प्रमाण लक्षात ठेवा, गरम चहा हा धाकटा गुन्हेगार आहे, तंबाखूसमोर त्याचं नाव घ्यायचं कारण नाही, आणि मी असे महाभाग बघितलेत जे कॅन्सरच्या भीतीने चहा सोडतात आणि मावा चालू ठेवतात.

आता तुमच्या नणंदेचं. ती चूक बोलत नाहीये, फक्त ती तिकडचं बोलतेय. अन्ननलिकेचे कॅन्सर मुख्यतः दोन आहेत आणि नाव एकच असल्यामुळे सगळा गोंधळ होतो. एक स्क्वॅमस, तो नळीच्या आतल्या अस्तराचा, जास्त करून वरच्या-मधल्या भागात, आणि तो तंबाखू, सुपारी, दारू, अतिगरम पेयं यांच्या वाटेने येतो. दुसरा ऍडिनो, तो नळीच्या खालच्या टोकाला, पोटाच्या जवळ, आणि तो वर्षानुवर्षांच्या ऍसिडमधून येतो, आधी तिथलं अस्तर बदलतं, त्या बदलाला बॅरेट्स म्हणतात, आणि मग त्यातल्या थोड्या लोकांना पुढे कॅन्सर. अमेरिकेत हा दुसरा प्रकार १९७५ ते २००१ मध्ये जवळजवळ सहापट वाढला, १० लाखांमागे ४ वरून २३ वर, म्हणजे व्हिडिओत सहापट ऐकून जीव उडतो पण मुळात आकडा लहानच होता. वाढला कोणामध्ये, तर मुख्यतः पन्नाशीच्या पुढचे गोरे पुरुष, पोट सुटलेले, वर्षानुवर्षं जळजळ असलेले. जगात मात्र दहातले आठ-नऊ पेशंट अजून पहिल्या प्रकारचेच आहेत आणि भारतात तर तोच मोठा. २०२२ चा अंदाज धरला तर जगात वर्षाला ५ लाख ११ हजार नवे पेशंट आणि त्यातले सुमारे ७० हजार आपल्या देशातले, सगळ्यात जास्त प्रमाण आसाम-मेघालयाकडे, जिथे सुपारी आणि तंबाखू दोन्ही भरपूर. आपले आकडे वाढतायत त्यात लोकसंख्या आणि वाढतं वय यांचाही मोठा वाटा आहे. म्हणजे नणंदबाईंनी न्यूजर्सीहून भावाची काळजी केली आणि बडोद्यात बसलेले वडील तिच्या यादीत आलेच नाहीत, कारण त्या व्हिडिओत मावा नव्हता.

मग मिस्टरांची दुर्बीण करायची का? माझ्या मते आत्ता नाही. वय ३९, घास अडकत नाही, वजन उतरत नाही (उतरलं तर आनंदच आहे), रक्त नाही, उलट्या नाहीत. नुसत्या ऍसिडिटीवर सरसकट सगळ्यांची दुर्बीण कोणी करत नाही. पन्नाशी ओलांडलेला पुरुष, बरीच वर्षं जळजळ, लठ्ठपणा, सिगरेट, घरात कोणाला हा आजार, असे मुद्दे एकावर एक साचले की मग विचार करायचा. आणि बॅरेट्स जरी निघालं तरी पेशी बिघडलेल्या नसतील तर त्यातल्या शंभरात एकालाही वर्षभरात कॅन्सर होत नाही, अधूनमधून बघत राहायचं. पण म्हणून ते सुटले असंही नाही. ९१ किलो, शिफ्ट संपवून रात्री अकराला सेव-उसळ आणि वर लगेच आडवं, याने ऍसिड वर येणार नाही तर काय होईल. जेवण आणि झोप यात तीन तास हवेत, पलंगाची डोक्याकडची बाजू विटा लावून वीतभर उंच करा, उशा वाढवून उपयोग नाही त्याने पोट उलट दाबलं जातं, डाव्या कुशीवर झोपू द्या, आणि वजन आठ-दहा किलो जरी उतरलं तरी अर्ध्या गोळ्या आपोआप सुटतील. पॅन्टोप्राझोल घेत असतील तर ती सकाळी जेवणाआधी अर्धा तास, जळजळ सुरू झाल्यावर चॉकलेटसारखी नाही. रोज गोळी लागत असेल तर डॉक्टरांना दाखवून घ्यायची, केमिस्टला नाही. आणि ज्या दिवशी त्यांनाही घास अडकायला लागेल त्या दिवशी माझं वरचं सगळं रद्द, सरळ दुर्बीण.

आता खरा अवघड भाग, आण्णांना न्यायचं कसं. खोटं बोलून नेऊ नका, दातांच्या डॉक्टरकडे चला म्हणून नेलंत आणि तिथे नळी दिसली तर ते टेबलावरून उठून रिक्षा करून घरी येतील आणि पुन्हा कुठे येणार नाहीत. कॅन्सर हा शब्दही आधीच काढायची गरज नाही, कारण तुम्हालाही माहीत नाहीये काय आहे ते. "घास का अडकतो ते बघून घेऊ, उपाय निघाला तर भाखरी परत खाता येईल" एवढं पुरे, आणि ते खरं आहे. मुख्य म्हणजे हे तुम्ही बोलू नका. सून बोलली की ते निवांत बसतात हे तुमच्या पत्रातच दिसतंय. नणंदेला फोन करायला सांगा, तिला आता खरं काम द्या, लेकीने अमेरिकेहून रोज संध्याकाळी "आण्णा गेलात का" विचारलं की चौथ्या दिवशी जातात, माझ्या दवाखान्यातल्या निम्म्या आण्णा लोकांना त्यांच्या मुलींनीच आणलंय.

तपासणी घाबरण्यासारखी नाही. सहा-आठ तास उपाशी, घशात बधिर करायचा स्प्रे, हवं तर झोपेचं हलकं इंजेक्शन, करंगळीएवढी नळी आणि पाच-दहा मिनिटं. काही दिसलं तर त्याच वेळी तुकडा काढतात, तो दुखत नाही, रिपोर्ट काही दिवसांनी येतो. पोटाच्या कुठल्याही डॉक्टरकडे होते, सयाजी हॉस्पिटललाही चौकशी करा. नुसतं "आधी महिनाभर ऍसिडिटीची गोळी घेऊन बघा" असं कोणी म्हणालं तर नम्रपणे सांगा की ७१ वय आहे, घास अडकतोय आणि वजन गेलंय, बघूनच घ्यायचंय.

समजा वाईटच निघालं तर तेव्हा बोलू, पण एक सांगून ठेवते कारण घरोघरी लोक इथेच हातपाय गाळतात. अगदी वरवरचं असेल तर दुर्बिणीतूनच काढता येतं. थोडं पुढचं असेल तर आधी केमो आणि शेक (रेडिएशन), मग ऑपरेशन, नेदरलँड्समध्ये यावर मोठा अभ्यास झाला, २०१२ ला छापून आला, नुसत्या ऑपरेशनने मधला पेशंट (म्हणजे निम्मे त्याच्याहून कमी जगले, निम्मे जास्त) २४ महिने जगत होता तो आधी केमो-शेक दिल्यावर ४९ महिने, आणि स्क्वॅमस प्रकारात फायदा आणखी जास्त दिसला. ७१ व्या वर्षी एवढं मोठं ऑपरेशन झेपेल का हे हृदय-फुफ्फुसं बघून ठरतं, नाही झेपलं तर केमो-शेकानेही उपचार होतात, आणि गिळताच येत नसेल तर नळीत जाळी टाकून वाट मोकळी करतात. अहमदाबादला सिव्हिलच्या आवारात गुजरात कॅन्सर हॉस्पिटल आहे, लांब नाही. खर्चाचं म्हणाल तर २०२४ पासून ७० च्या वरच्या सगळ्यांना उत्पन्नाची अट न लावता आयुष्मान कार्ड मिळतं, आण्णा त्यात बसतात, काढलं नसेल तर आधार घेऊन काढून टाका, लागो न लागो. दुर्बीण मात्र बाहेरून करावी लागली तर खिशातूनच जाईल, ते धरून चाला.

मावा सोडायचं तुम्ही विचारलं नाहीत पण रिपोर्ट काहीही येवो, सोडायचाच आहे. १८००-११-२३५६ हा सरकारी फुकट फोन आहे, बोलून मदत करतात. त्यांनी एकट्याने नाही सोडला तर निकोटीनचं च्युइंगगम डॉक्टरांना विचारून द्या. पहिला आठवडा चिडतील, तेवढं सांभाळा. दुर्बिणीच्या आधी मात्र मावा सोडा म्हणून भांडण काढू नका, नाहीतर ते मावाही सोडणार नाहीत आणि तपासणीलाही येणार नाहीत.

जाताना आण्णांच्या चालू गोळ्यांची पट्टी सोबत न्या, विशेषतः रक्त पातळ करायची गोळी असेल तर आधी फोनवर सांगा, स्वतःहून बंद करू नका, आणि डायबेटिसची गोळी उपाशीपोटी घ्यायची की नाही तेही विचारून घ्या. मिस्टरांची शिफ्ट असेल तर तुम्ही जा, पण कोणीतरी जाच, कारण झोपेचं इंजेक्शन दिलं तर त्या दिवशी गाडी चालवायची नसते आणि आण्णा नक्की म्हणणार की मी माझ्या ऍक्टिव्हावर जाऊन येतो.